नळींतला घांस

आजाऱ्याच्या समाचारास गेलेला मनुष्य आपल्याकडे पहिला प्रश्न विचारतो तो तापाचा किंवा औषधाचा नसतो. "कांहीं खाल्लें का?" असें तो विचारतो, आणि "आज दोन घांस भात गेला" असें उत्तर मिळालें कीं त्याच्या मनास धीर येतो. वैद्यकाच्या दृष्टीनें हें उत्तर फारसें महत्त्वाचें नसेलहि. पण त्या दोन घांसांत आजारी मनुष्य अजून आपल्यांत आहे, आपल्या पंक्तींत आहे, असें एक आश्वासन असतें. हाच प्रश्न अतिदक्षता विभागाच्या दाराशीं विचारला म्हणजे मात्र उत्तराचें व्याकरण बदलतें. "सकाळपासून तासाला ४० मिलिलिटर चालू आहे," असें परिचारिका सांगते. वाक्यांतला कर्ता नाहींसा झालेला असतो. खाणारा कोणी नाहीं. भरविणाराहि, नीट पाहिलें तर, कोणी नाहीं. खाटेशेजारीं टांगलेली पिशवी आणि तिच्यांतला द्रव मोजून सोडणारा एक लहानसा पंप एवढेंच आहे. विचारणारा मान डोलावतो आणि परत येऊन बाकावर बसतो. त्याला हायसें वाटलेलें असतें. परंतु ज्या गोष्टीनें हायसें वाटलें ती त्याच्या प्रश्नाचें उत्तर होती काय, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

बेशुद्ध किंवा गुंगींत असलेल्या रुग्णाच्या पोटांत नळीनें जें सोडलें जातें तें अन्न समजावें कीं औषध? केवळ शब्दांचा खेळ म्हणून हा प्रश्न सोडून देतां येत नाहीं, कारण त्याच्या उत्तरावर पुष्कळ कांहीं अवलंबून आहे. औषध लागू पडत नसेल तर तें थांबविण्यांत कोणासहि पाप वाटत नाहीं. अन्न थांबविणें म्हणजे उपाशी मारणें. आणि याहून मोठें पातक आमच्या समाजास क्वचितच ठाऊक असेल.

प्रथम ही नळी काय आहे तें पाहूं. सामान्यतः ती नाकपुडींतून घशावाटे अन्ननलिकेंत आणि तेथून जठरांत उतरवितात. कवटीच्या तळाचें हाड मोडलें असेल तर नाकांतून घातलेली नळी भलतीकडे शिरण्याची भीति असते, म्हणून ती तोंडावाटे घालतात. जठर सुस्त होऊन आलेलें अन्न पुढें ढकलीत नसेल तर अधिक लांब नळी लहान आंतड्यापर्यंत नेतात. कित्येक आठवडे तिची गरज लागणार असेल तर पोटाच्या भिंतीस लहान छिद्र पाडून ती सरळ जठरांत बसवितात. पोट न उघडतां, दुर्बिणीच्या साहाय्यानें हें करण्याची रीत अमेरिकेंत क्लीव्हलंड येथें १९७९ सालीं गॉडरर आणि पॉन्स्की यांनीं प्रथम अमलांत आणली. आंतडेंच निकामी झालें तर मग शिरेवाटे पोषक द्रव्यें रक्तांत सोडावीं लागतात. नळी जागेवर बसली कीं नाहीं हें छातीचा क्ष-किरण फोटो काढून पाहतात. पूर्वीं नळींत हवा सोडून पोटावर श्रवणनलिका ठेवून ऐकत. पण तो आवाज फसवा असतो, कारण फुप्फुसांत गेलेली नळीहि तसाच आवाज देऊं शकते. पोटांतलें वर येऊन श्वासनलिकेंत उतरूं नये म्हणून खाटेची डोक्याकडील बाजू ३० ते ४५ अंश उंच ठेवतात. हें सर्व सांगण्याचें कारण इतकेंच कीं, नळी म्हणजे चमच्यानें भरविण्याचाच एक सुधारलेला प्रकार, अशी जी बाहेर बसलेल्या मंडळींची समजूत असते ती बरोबर नाहीं. चमचा चुकला तर उपरण्यावर सांडतें. नळी चुकली तर न्युमोनिया होतो.

आमच्या रुग्णालयांतून हिला सर्रास 'राइल्स ट्यूब' म्हणतात. जॉन राइल हा लंडनच्या गाइज रुग्णालयांतला वैद्य. त्यानें १९२१ सालीं या बारीक नळीचें वर्णन प्रसिद्ध केलें तें अन्न घालण्याच्या कामीं नव्हे, तर जठरांतला रस थोडाथोडा बाहेर काढून तपासण्याच्या कामीं. काढण्यासाठीं केलेली वस्तु पुढें घालण्यासाठीं वापरली गेली. तथापि नळीनें अन्न घालण्याची कल्पना त्याहून पुष्कळ जुनी आहे. १७९० च्या सुमारास जॉन हंटर या प्रसिद्ध शस्त्रवैद्यानें गिळण्याची शक्ति गेलेल्या एका रोग्यास, देवमाशाच्या लवचीक हाडाच्या सळईवर ईल माशाची कातडी चढवून केलेल्या नळीवाटे, फेंटलेलीं अंडीं, दूध वगैरे पदार्थ दिले होते. यापुढचें एक उदाहरण अधिक विचार करण्याजोगें आहे. अमेरिकेचा अध्यक्ष गारफील्ड यास २ जुलै १८८१ रोजीं गोळी लागली. पोटांत अन्न ठरेना, तेव्हां त्याच्या वैद्यांनीं मांसाचा अर्क इत्यादि पदार्थ गुदद्वारावाटे देण्यास आरंभ केला, आणि आठवडेच्या आठवडे तें चालू ठेवलें. मोठ्या आंतड्याच्या त्या भागांत असल्या अन्नाचें शोषण जवळजवळ होत नाहीं, हें आज कोणीहि विद्यार्थी सांगेल. १९ सप्टेंबरला गारफील्ड वारला तेव्हां तो अतिशय कृश झाला होता. वैद्यांच्या नोंदवहींत मात्र रोजचें अन्न वेळच्या वेळीं दिलेलें होतें. देणें पुरेपूर झालें होतें. घेणें झालेंच नव्हतें.

देणें आणि घेणें यांतलें हें अंतर आमच्या मनास सहसा शिवत नाहीं. उष्टावणाच्या पहिल्या चमच्यापासून दहाव्या दिवसाच्या पिंडापर्यंत आमचा प्रत्येक संबंध अन्नानें बांधलेला आहे. तैत्तिरीयोपनिषदांतील भृगूनें बापाच्या आज्ञेनें तप केलें तेव्हां ब्रह्म म्हणून त्याला पहिली ओळख पटली ती अन्नाची. तो तेथें थांबला नाहीं. प्राण, मन, विज्ञान आणि आनंद अशा पायऱ्या चढत गेला. परंतु वर पोंचल्यानंतरहि अन्नाची निंदा करूं नये आणि दाराशीं आलेल्यास विन्मुख धाडूं नये, असा दंडक त्याच वल्लींत घालून दिलेला आहे. अशा परंपरेंत वाढलेल्या कुटुंबास डॉक्टरनें येऊन "पहिले कांहीं दिवस आम्ही अन्न कमीच देणार आहों" असें सांगितलें, तर त्यांच्या काळजांत धस्स व्हावें हें स्वाभाविक आहे.

आणि डॉक्टर हल्लीं तसें सांगतात. त्यांच्या सांगण्यास आधारहि आहे. पूर्वीं त्यांचीहि समजूत कुटुंबासारखीच होती. अत्यवस्थ मनुष्याचें शरीर झपाट्यानें झिजतें, स्नायु वितळतात, तेव्हां वजनाच्या दर किलोमागें २५ ते ३० उष्मांक हिशेबानें भरून काढावे, म्हणजे झीज थांबेल, असा सरळ हिशेब होता. तो हिशेब पडताळून पाहण्यांत आला. फुप्फुसांस तीव्र इजा झालेल्या एक हजार रुग्णांवर अमेरिकेंत झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष २०१२ सालीं प्रसिद्ध झाला: पहिले सहा दिवस एका गटास रोज सुमारें ४०० उष्मांक दिले, दुसऱ्यास सुमारें १३००; कृत्रिम श्वसनयंत्रावरून सुटण्यांत किंवा साठ दिवसांतल्या मृत्यूंत कांहीं फरक पडला नाहीं. २०१८ सालीं ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथें सुमारें चार हजार रुग्णांपैकीं निम्म्यांस दीडपट उष्मांकांचें अन्न देण्यांत आलें. नव्वद दिवसांनंतर जिवंत राहणाऱ्यांचें प्रमाण दोन्ही गटांत सारखेंच होतें. फ्रान्सांतील ६१ अतिदक्षता विभागांतल्या ३०४४ रुग्णांचा प्रयोग २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. हे सर्व श्वसनयंत्रावर होते आणि त्यांचा रक्तदाब औषधांनीं टिकविलेला होता. पहिल्या आठवड्यांत एका गटास किलोमागें ६ उष्मांक आणि दुसऱ्यास २५, एवढी तफावत ठेवली होती. मृत्यूंत फरक नाहीं. उलट थोडकें अन्न घेणारे किंचित् लवकर सांवरले, आणि उलट्या, जुलाब, आंतड्याचा रक्तपुरवठा तुटणें या आपत्ति त्यांच्यांत कमी झाल्या.

असें कां व्हावें? आम्ही वैद्य नव्हे. पण समजलें तें असें. भारी आजाराच्या पहिल्या दिवसांत शरीर स्वतःचे स्नायु मोडून स्वतःच साखर तयार करीत असतें, आणि बाहेरून अन्न घातलें तरी तें काम बंद पडत नाहीं. म्हणजे आंतून चाललेला पुरवठा तसाच राहून त्यावर बाहेरच्या पुरवठ्याची भर पडते. रक्तदाब ढासळला असेल तर आंतड्यास रक्त अपुरें पोंचतें, आणि अपुऱ्या रक्तावर पचनाचें ओझें पडतें. रिकामें भांडें भरावें तसें शरीर भरतां येत नाहीं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस छावण्यांतून सुटलेल्या उपाशी लोकांस एकदम पोटभर जेवूं घातलें तेव्हां त्यांतले कित्येक दगावले. रक्तांतलें फॉस्फेट एकाएकीं उतरतें हें त्याचें एक कारण पुढें कळलें, आणि त्याची धास्ती आजहि प्रत्येक अतिदक्षता विभागांत बाळगली जाते.

येथें आमच्या कांहीं वाचकांस लंघनाची आठवण होईल. तापांत लंघन हें जुन्या वैद्यांचें पहिलें शस्त्र होतें खरें. परंतु परदेशांत एखादा प्रयोग सिद्ध झाला कीं आमच्या पूर्वजांस तें ठाऊकच होतें असें म्हणण्याची जी एक स्वस्त संवय आम्हांस लागली आहे, तिला येथें वाव देण्याचें कारण नाहीं. जुन्या वैद्यापुढें कृत्रिम श्वसनयंत्रावरचा रोगी नव्हता. शिवाय हे प्रयोग उपाशी ठेवा असेंहि सांगत नाहींत. थोडें अन्न लौकर, बहुधा पहिल्या दोन दिवसांतच, सुरू करावें, कारण रिकाम्या आंतड्याचें अस्तर खराब होतें. मग बेताबेतानें वाढवावें. आणि आजार लांबला तर पुरतें द्यावें, असा आजचा सर्वसाधारण प्रघात आहे. महिनाभर यंत्रावर राहिलेल्या मनुष्याची उपासमार झाली तर तो उठून उभा राहूं शकत नाहीं. सांगायचें तें एवढेंच कीं, या खोलींत अन्नाचें प्रमाण प्रेमाच्या प्रमाणाशीं जुळत नाहीं.

आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांचे वडील न्युमोनियानें अत्यवस्थ होऊन यंत्रावर होते. हे गृहस्थ रोज सकाळीं घरून भाताची पातळ पेज थर्मासमधून घेऊन जात. परिचारिका रोज तितक्याच सौम्यपणें ती परत करी. घरची पेज नळींत अडकते, तिच्यांत जंतु वाढतात, आणि तिच्यांत पोषण किती याचा हिशेब लागत नाहीं, हें तिनें पहिल्याच दिवशीं समजावून सांगितलें होतें. चौथ्या दिवशीं आम्हीं त्यांना विचारलें कीं, ती घेणार नाहींत हें ठाऊक असून आपण हा खटाटोप कां करतां? ते म्हणाले, "सर, रिकाम्या हातानें कसें जायचें?"

या उत्तरास हंसण्याचा अधिकार कोणास नाहीं. पण त्यांतली गरज कोणाची होती हें पाहिलें पाहिजे. ती मुलाची होती. ती गरज खरी आहे, आदरणीय आहे. आमचें म्हणणें एवढेंच कीं ती बापाची भूक नव्हे, आणि दोहोंची गल्लत झाली म्हणजे नळींतून कोणाला जेवूं घातलें जात आहे हेंच कळेनासें होतें.

पाश्चात्य न्यायालयांपुढें हा प्रश्न आमच्या आधीं आला. अमेरिकेंत मिसूरी संस्थानांतील नॅन्सी क्रूझन ही तरुण स्त्री १९८३ सालीं मोटार अपघातानंतर कायमची बेशुद्ध झाली. तिच्या आईबापांनीं नळी काढण्याची परवानगी मागितली. तेथल्या सर्वोच्च न्यायालयानें जून १९९० मध्यें निकाल दिला. रुग्णाची स्वतःची इच्छा स्पष्ट पुराव्यानें सिद्ध करा असें म्हणण्याचा संस्थानास अधिकार आहे, असें बहुमतानें ठरलें. परंतु नळीनें दिलेलें अन्न इतर उपचारांपासून वेगळें काढतां येत नाहीं, असें न्यायाधीश ओकॉनर यांनीं आपल्या स्वतंत्र निकालपत्रांत म्हटलें. पुढें जास्त पुरावा मिळाला, डिसेंबरांत नळी काढली, आणि त्याच महिन्यांत ती वारली. इंग्लंडांत हिल्सबरो येथील चेंगराचेंगरींत १९८९ सालीं मेंदूस इजा झालेल्या टोनी ब्लंड या तरुणाच्या बाबतींत उमरावांच्या सभेनें १९९३ सालीं तेंच ठरविलें: नळीचें अन्न हा वैद्यकीय उपचाराचा भाग आहे, आणि रुग्णाच्या हिताचा नसेल तर तो थांबवितां येतो.

निकाल आम्हांस मान्य आहे; पण त्याच्या समर्थनार्थ जें कारण नेहमीं पुढें केलें जातें तें मात्र लंगडें वाटतें. नळी घालण्यास उपकरण लागतें, कौशल्य लागतें, म्हणून तो उपचार, असें म्हणतात. चमचा हेंहि उपकरणच आहे. आई नसलेल्या बालकास बाटलीनें दूध पाजणें यासहि उपकरण आणि कौशल्य लागतें, आणि त्याला कोणी उपचार म्हणत नाहीं. भेद उपकरणांत नाहीं.

तो भेद आमच्या मतें नकारांत आहे. हातानें भरविलेल्या घांसास घेणारा तोंड उघडतो किंवा मिटतो. तान्हें मूल मान फिरवितें, म्हातारा ओठ घट्ट आवळतो. "पुरे" हा शब्द भाषेच्याहि आधींचा आहे. भरविणारी आई तो ओळखते, क्वचित् लाडीगोडीनें त्याला बगल देते, पण शेवटीं त्यापुढें तिला वाटी खालीं ठेवावी लागते. ज्याला नकार देतां येतो त्यालाच दिलेलें अन्न हें खऱ्या अर्थानें अन्नदान. नळी घशाला वळसा घालते तेव्हां ती गिळण्याच्या क्रियेबरोबर नकाराच्या या एकमेव जागेलाहि वळसा घालते. तिचें नैतिक वेगळेपण तें हेंच.

आमच्याच चालीरीतींत याला एक विलक्षण पुरावा आहे. दहाव्या दिवशीं नदीकांठीं पिंड ठेवून आम्ही कावळ्याची वाट पाहत बसतों. कावळा शिवला नाहीं तर मृताची कांहीं इच्छा राहिली असें समजून "तुमच्या धाकट्याला आम्ही अंतर देणार नाहीं" असें कोणी तरी मोठ्यानें सांगतो, आणि पुन्हां वाट पाहतों. या विधीवर कोणाचा विश्वास असो वा नसो. पण ज्या समाजानें मेलेल्या मनुष्यासहि अन्न नाकारण्याचा हक्क ठेवला, त्यानें जिवंतपणीं तो हक्क नळीनें पुसून टाकावा आणि वर तेंच कर्तव्य समजावें, ही विसंगति आम्हांस डांचते.

नकार मोडण्याकरितां नळी वापरली कीं ती काय होते हें इतिहासानें दाखविलें आहे. मतदानाचा हक्क मागून उपोषण करणाऱ्या स्त्रियांना १९०९ पासून इंग्लंडच्या तुरुंगांत हातपाय धरून नळीनें अन्न घालण्यांत आलें. लाहोरच्या तुरुंगांत जतींद्रनाथ दास यांच्यावर तोच प्रयोग झाला. त्या झटापटींत दूध फुप्फुसांत गेलें असें त्यांच्या सहबंद्यांनीं सांगितलें आहे. त्रेसष्ट दिवसांच्या उपोषणानंतर १३ सप्टेंबर १९२९ रोजीं ते वारले. उलट, पवनार येथें नोव्हेंबर १९८२ मध्यें हृदयविकाराचा झटका आल्यावर विनोबांनीं अन्न व औषध नाकारलें; त्यांची मनधरणी पुष्कळांनीं केली, पण नळी कोणीं घातली नाहीं, आणि १५ तारखेस त्यांनीं देह ठेवला. विनोबांचा निर्णय बरोबर होता कीं नाहीं यावर वाद करतां येईल. त्यांचा नकार हा नकार होता यावर वाद नाहीं.

अतिदक्षता विभागांतल्या रुग्णाची अडचण याहून बिकट आहे. तो विनोबांसारखा शांतपणें नाहीं म्हणत नाहीं. तो भ्रमांत असतो, आणि भ्रमांत हात वर नेऊन नळी उपसून काढतो. मग ती पुन्हां घालतात, पुन्हां फोटो काढतात, आणि पुष्कळदां त्याचे हात पट्टीनें खाटेच्या कठड्यास बांधतात. हें दृश्य ज्यानें पाहिलें असेल तो विसरणार नाहीं. ही नळी उपसणें म्हणजे नकार समजावा काय? सरसकट तसें समजणें चूक होईल. नाकांत आणि घशांत खुपणारी वस्तु हात आपोआप ओढून काढतो. झोपेंत आपण माशी हांकलतों त्याहून त्यांत विचार अधिक नसतो. यांतले बहुतेक रुग्ण आठ-पंधरा दिवसांत बरे होऊन घरीं जातात, आणि हात बांधल्याची त्यांना धड आठवणहि राहत नाहीं. त्यांच्या बाबतींत नळी हा पूल आहे, आणि पूल ओलांडेपर्यंत तिची राखण करणेंच योग्य. तथापि त्या हाताच्या हालचालींत कांहींच अर्थ नाहीं असेंहि आम्हांस म्हणवत नाहीं. निदान एवढें तरी ती सांगते कीं ही वस्तु त्रासदायक आहे. तेव्हां ज्याचे हात बांधले त्याला आजहि ती हवीच आहे काय, हा प्रश्न रोज सकाळीं नव्यानें विचारणें हें बांधणाऱ्यावर पडलेलें ऋण आहे.

याच कसोटीवर मुंबईच्या केईएम रुग्णालयांतील अरुणा शानभाग यांचें प्रकरण आम्हांस वेगळें वाटतें. त्या तेथेंच परिचारिका होत्या. १९७३ सालच्या अमानुष हल्ल्यानंतर त्या पुन्हां शुद्धीवर अशा आल्याच नाहींत. त्यांना अन्न देणें थांबवावें असा अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढें आला. तेथील परिचारिकांनीं त्यास कडाडून विरोध केला, आणि ७ मार्च २०११ रोजीं न्यायालयानें तो फेटाळला. परिचारिकांची भावना भाबडी होती असें त्या वेळीं पुष्कळ सुशिक्षितांनीं म्हटलें. आम्हांस तसें वाटत नाहीं. तोंडाशीं नेलेलें कुसकरलेलें अन्न अरुणाबाई घेत आणि चेहऱ्यावर प्रतिसाद उमटे, असें रुग्णालयाच्या वतीनें न्यायालयास सांगण्यांत आलें होतें. वर्षानुवर्षें परिचारिकांनीं त्यांना बहुतांशीं हातानेंच भरविलें होतें. तेथें घेणारें तोंड होतें. जेथें तें आहे तेथें घांस थांबविण्याचा प्रश्न उपचाराचा राहत नाहीं. १८ मे २०१५ रोजीं न्युमोनियानें त्यांचें निधन झालें.

जेथें तें तोंडहि उरलें नाहीं, आणि बरें होण्याची आशाहि उरली नाहीं, तेथें रुग्णाच्या वतीनें मान फिरविणारा कोणी तरी पाहिजे. २०१८ च्या निकालानें सर्वोच्च न्यायालयानें आपल्या देशांत प्रत्येकास असा नकार आधींच लिहून ठेवण्याची मुभा दिली, आणि २०२३ सालीं त्याची पद्धत पुष्कळ सोपी केली. दोन वैद्यमंडळांनीं रुग्णाची स्थिति तपासावी असा त्यांत निर्बंध आहे. आमच्या वाचकांपैकीं किती जणांनीं असा कागद केला असेल? मृत्युपत्र करणेंहि आपण अशुभ समजतों.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. मुलांच्या हातीं हा नकार गेला तर बिलाच्या भीतीनें ती मान फार लौकर फिरेल, आणि जे अपंग आहेत, ज्यांची नळी हेंच रोजचें ताट आहे, त्यांच्याकडे जग ओझें म्हणून पाहूं लागेल. ही भीति काल्पनिक नाहीं. शेत गहाण ठेवून खाटेचें भाडें भरणारा मुलगा आणि मुलाखतीच्या वेळेपुरता येणारा सुखवस्तु मुलगा यांच्या तोंडचा "थांबवा" हा एकच शब्द सारखा तोलतां येणार नाहीं. यास्तव आमचें म्हणणें असें आहे कीं नळी घालण्याच्या दिवशींच डॉक्टरानें कुटुंबाशीं बोलावें: ही कशासाठीं, किती दिवस देऊन पाहणार, काय दिसलें तर चालू ठेवणार आणि काय दिसलें तर थांबणार. चांगल्या विभागांतून असें करतातहि. घालतांना ज्याची बोलणी झाली नाहींत तें थांबवितांना प्रत्येकाला खुनासारखें वाटतें, आणि मग कोणी थांबवीत नाहीं, कोणी चालूहि ठेवीत नाहीं. रुग्णास "घरीं न्या" म्हणून सांगतात, आणि नळीसकट तो रुग्णवाहिकेंतून गांवाकडे जातो.

थांबविल्यावर त्याला भुकेनें तळमळावें लागतें काय, हा शेवटचा प्रश्न, आणि तो बहुधा मोठ्यानें विचारला जात नाहीं. मृत्यूच्या दारांतल्या मनुष्याची भूक आधींच मावळलेली असते, असें अशा रुग्णांची सेवा करणारे सांगतात; शुद्धीवर असलेले त्यांतले बहुतेक जण भुकेची तक्रार करीत नाहींत. ते तक्रार करतात ती कोरड्या तोंडाची. तिला नळीचा किंवा सलाइनचा उपयोग थोडा. तोंड वारंवार ओलें करणें, ओठांना कांहीं तरी स्निग्ध लावणें याचाच उपयोग होतो. आमच्या घरांतून शेवटच्या घटकेस तोंडांत तुळशीचें पान आणि गंगेचें चमचाभर पाणी घालतात, तें पोषणासाठीं कोणी घालीत नाहीं. अतिदक्षता विभागांतहि पाण्यांत भिजविलेला कापसाचा बोळा ओठांवरून फिरविण्याचें काम नातेवाइकांस करतां येतें. थर्मास परत करणाऱ्या परिचारिकेस त्याबद्दल विचारलें तर ती बहुधा नाहीं म्हणत नाहीं. बोळा कसा पिळून घ्यावा, म्हणजे पाणी घशांत उतरणार नाहीं, तेंहि ती दाखवून देते.